पत्रक खिशात ठेवा, माळीभाऊंचे हात बघा: हिवाळी बागकाम वर्गाचा लेखाजोखा

तालुक्याच्या गावाला लागून असलेल्या सार्वजनिक वनस्पती उद्यानात डिसेंबरच्या पहिल्या रविवारपासून सलग सहा रविवार हे वर्ग भरतात. वेळ सकाळी 8 ते 11, फी 300 रुपये. शाळकरी पोरांना फी नाही. फीच्या पैशात एक खुरपं, दोन पिशव्या पोयटा, बियांच्या चार पुड्या आणि शेवटच्या रविवारी एक कलम मिळतं. वर्ग दोघे घेतात. एक साहेब सावलीत खुर्ची टाकून छापील पत्रकावरून समजावतात, आणि उद्यानाचे जुने माळीभाऊ बाहेर वाफ्यावर करून दाखवतात. अडचण अशी की दोघांचं म्हणणं बऱ्याच ठिकाणी जुळत नाही. जिथं जुळत नाही तिथं दरवेळी माळीभाऊ बरोबर निघतात, कारण पत्रक कुठल्या तरी हलक्या, लाल मातीच्या मुलखासाठी लिहिलेलं आहे. पाचपैकी साडेतीन गुण द्यायला हरकत नाही. दुसरा आणि चौथा रविवार मात्र पाचपैकी पाच.

पहिला रविवार ओळखीपाळखीत आणि हत्यारांत जातो. सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार कशी लावायची (तिरकस धारेच्याच बाजूने, सपाट बाजूला फक्त कोर काढायची) एवढं पाहून घ्या. बाकी चुकलं तरी चालेल.

दुसरा रविवार मातीचा. वर्धा, अमरावती, यवतमाळ या पट्ट्यातल्या वावरात बहुतेक ठिकाणी भारी काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि सामू (पीएच) साधारण 7.5 ते 8.5 च्या दरम्यान असतो. ही गोष्ट डोक्यात नसेल तर बागकामाचं कुठलंही पुस्तक इथं निम्मंच कामी येतं. माळीभाऊ मूठभर माती ओली करतात, मळतात आणि अंगठा-तर्जनीत दाबून तिची पट्टी बाहेर काढतात. पट्टी 2 सेंटीमीटरवर तुटली तर माती हलकी, 5 च्या पुढे न तुटता लोंबत राहिली तर भारी. दोन मिनिटांचं काम आणि कोणालाही जमणारं.

पत्रकात बाटलीचा प्रयोग दिला आहे: एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर, हलवा आणि तासाभराने थर मोजा. तासाभराने काळ्या मातीच्या बाटलीत फक्त गढूळ पाणी दिसतं. वाळू मिनिटभरात बसते, गाळ काही तासांत बसतो, पण चिकणमातीचे कण एक-दोन दिवस तरंगत राहतात. वर्गातल्या सगळ्या बाटल्या ‘फसल्या’ आणि लोक खट्टू झाले. प्रयोगात खोट नव्हती, वेळ चुकीची लिहिली होती. बाटली घरी नेऊन मंगळवारी बघा.

चुनखडीची परीक्षा मात्र छान घेतात. मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकतात (बाटली शिकवणाऱ्याच्याच हातात राहते, हे बरं). नुसता बारीक सुरसुर आवाज आला तर चुना थोडा, खदखदून फेस आला तर भरपूर. मोकळा चुना 10 टक्क्यांच्या वर असेल तर त्या जागी संत्रा लावू नये, हे इथं स्पष्ट सांगितलं जातं. संत्र्याचं वावर घेताना लोक पाणी बघतात, रस्ता बघतात, पण खालचा चोपण किंवा चुनखडीचा थर बघत नाहीत. मग पाचव्या-सहाव्या वर्षी झाडं पिवळी पडली की खतावर पैसे उडवत बसतात.

पिवळं पडण्यावरून पाऊण तास चर्चा झाली, आणि ती या वर्गातली सर्वात मोलाची. जुनी, खालची पानं सबंध पिवळी पडली तर नत्र कमी. नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या दिसल्या तर लोह कमी. आपल्या मातीत लोह नसतं असं नाही, ते चुन्यापायी मुळांना मिळत नाही. म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून फारसा उपयोग होत नाही, पानांवर फवारावं लागतं: लिटरला 5 ग्रॅम हिराकस आणि त्याच्या निम्मा, म्हणजे 2.5 ग्रॅम, कळीचा चुना. चुना विसरला तर पानं करपतात. आणि तिसरं कारण, जे साहेबांनी सांगितलंच नाही, ते म्हणजे पाणी जास्त झालं. हिवाळ्यात काळी माती वरून भेगाळलेली दिसते आणि खाली चार बोटांवर ओलीगच्च असते. भेग बघून पाणी सोडणाऱ्याची झाडं गुदमरून पिवळी पडतात. माळीभाऊंचा नियम साधा आहे. खुरप्याने वीतभर उकरा, माती मुठीत दाबा. गोळा झाला तर पाणी नको, भुगा झाला तर द्या.

कुंड्यांचं प्रकरण थोडक्यात. निव्वळ काळी माती कुंडीत भरली की वाळल्यावर ती आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. एक भाग माती, एक भाग जाड रेती किंवा चाळलेला बारीक मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, असं मिश्रण घ्या. कच्चं शेण टाकलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. पत्रकातलं ‘कोकोपीट 50 टक्के’ हे शहरातल्या गच्चीवर ठीक आहे. खेड्यात ज्याच्या घरामागे उकंडा आहे त्यानं विकतचं कोकोपीट कशाला आणावं?

तिसरा रविवार भाजीचा, आणि इथं वर्गाचं वेळापत्रकच घसरतं. डिसेंबरच्या मध्यात लसणाच्या कुड्या लावायला शिकवणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं. लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातो. रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा सोडला तर उन्हाळी कांद्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गादीवाफ्यावर पडायला हवं, म्हणजे 45 ते 50 दिवसांची रोपटी डिसेंबरअखेर ते जानेवारीत लावता येतात. हा वर्ग कोजागिरीनंतर लगेच सुरू केला तर त्याची किंमत दुप्पट होईल. डिसेंबरात पेरून खरंच हाती लागणारी भाजी म्हणजे मेथी, पालक, सांभार (कोथिंबीर), मुळा, गाजर. त्यांच्यावर जास्त वेळ द्यायला हवा होता.

गादीवाफा करून दाखवतात तो उत्तम. 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 15 सेंटीमीटर उंच. रुंदी मीटरभरच ठेवायची, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. काळ्या मातीत सपाट वाफ्यावर रोपं कोलमडतात, म्हणजे मातीलगत देठ काळं, मऊ होऊन आडवी पडतात. कारण एकच, ओल सरत नाही आणि बुरशी वाढते. बी दाट पडलं तर आणखी लवकर. पत्रकात या वाफ्याला कांद्याचं 100 ग्रॅम बी लिहिलं आहे. 40 ते 50 ग्रॅम पुष्कळ झालं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) बियाला किलोला 5 ग्रॅम चोळायचा, ओळीत 5 ते 7 सेंटीमीटर अंतर ठेवायचं, वरून चाळलेलं शेणखत भुरभुरायचं आणि उगवेपर्यंत गव्हांड्याने (गव्हाच्या काडाने) झाकायचं. पहिली कोंबं दिसली की त्याच संध्याकाळी गव्हांडा काढायचा. दुसऱ्या दिवशी काढू म्हटलं तर रोपं पांढरी, लांबट होतात. हे ‘त्याच संध्याकाळी’ पत्रकात नाही.

सांभार उगवत नाही अशी तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते. धन्याच्या एका गोल दाण्यात दोन बिया असतात. ते पोत्याच्या तुकड्यावर टाकून चपलेच्या तळाने हलके रगडायचे, दोन फाका झाल्या पाहिजेत, चुरा नाही. रात्रभर भिजवून, फडक्यात निथळून, दीड-दोन सेंटीमीटर खोल पेरायचे. थंडी कडक असेल तर दहा-बारा दिवस काहीच दिसत नाही, आणि नेमकं सहाव्या दिवशी लोक वाफा उकरून बघतात. किराण्याच्या दुकानातले धने चालतात का, असं एका बाईंनी विचारलं. चालतात, पण आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती फुटतात ते मोजा. 60 च्या खाली आले तर बी दीडपट टाका.

पानकोबीवरच्या ठिपक्याच्या पतंगासाठी मोहरीची युक्ती सांगितली: कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या 2 ओळी, एक कोबीच्या 15 दिवस आधी, दुसरी कोबी लावल्यावर साधारण 25 दिवसांनी. पतंग मोहरीवर अंडी घालतो आणि फवारणी तेवढ्याच ओळींवर करायची. युक्ती खरी आहे. पण परसातल्या दहा गड्ड्यांना ती कशी लावायची? तिथं रोज सकाळी पानं उलटून अळ्या वेचणंच सोपं. 5 टक्के निंबोळी अर्कही करून दाखवला: 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर 9-10 लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून 100 लिटर, त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा. निंबोळ्या जुन्या, बुरशी लागलेल्या होत्या. अशा निंबोळ्यांचा अर्क दिसतो तसाच, पण काम करत नाही. निंबोळी जून-जुलैत वेचून सावलीत वाळवलेलीच हवी. फवारणी संध्याकाळी करा, उन्हात अर्काची ताकद लवकर जाते.

खताच्या खड्ड्यात एक गंभीर चूक शिकवली जाते. वाफ्याच्या कडेला आणि ढिगाच्या तळाला पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) रचायला सांगतात. पऱ्हाटीवर उरलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर येते. 2017 साली विदर्भातल्या कपाशीची काय गत झाली ते इथल्या लोकांना सांगायला नको. पऱ्हाटी वापरायची तर यंत्राने बारीक कुट्टी करून तापलेल्या ढिगातच टाकावी, अख्खी रचून ठेवू नये. तुराट्या चालतात. ढीग किमान 1 मीटर लांब, रुंद आणि उंच हवा, त्याहून लहान ढीग डिसेंबरच्या रात्री आतून तापतच नाही. सोयाबीनचं कुटार आणि ओलं शेण थरावर थर घालून, मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब निघतील इतकंच पाणी मारायचं.

चौथा रविवार कलमांचा. यासाठी लांबून लोक येतात आणि यायलाच हवं. वरुड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या पन्हेऱ्यांत (रोपवाटिकांत) संत्र्याचे डोळे भरणारे, म्हणजे काडीवरचा डोळा दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवणारे, हात ज्यांनी बघितले आहेत त्यांना यात नवं काही वाटणार नाही. पण तिथं इतक्या सावकाश कोणी दाखवत नाही. खुंट, म्हणजे ज्यावर डोळा बसवायचा ते रोप, जंभेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा, पेन्सिलीएवढा जाड. डोळा जमिनीपासून 25 सेंटीमीटरच्या वर. खाली भरला तर पुढे पावसाळ्यात मातीचे शिंतोडे जोडावर जातात आणि डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) शिरतो. डोळ्याची काडी गोल आणि पांढरट रेघा असलेली हवी. कोवळी काडी त्रिकोणी असते, तिचा डोळा पोसत नाही. काडी कापल्याबरोबर पानं छाटायची, देठ मात्र ठेवायचे, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळायची.

खुंटावर उभा 3 सेंटीमीटरचा आणि त्याच्या माथ्यावर आडवा काप, इंग्रजी ‘टी’सारखा. साल चाकूच्या हाडाने उचलायची. साल सुटत नसेल तर जोर करू नका. खुंटाला पाणी कमी पडलं आहे किंवा थंडी जास्त आहे. तीन-चार दिवस आधी पन्हेरीला पाणी दिलं असेल तर साल केळ्यासारखी सुटते. वर्गात निम्म्या खुंटांची सुटली नाही, कारण आठवडाभर कोणी पाणीच सोडलं नव्हतं. शिकणाऱ्यांना वाटलं आपला हात चुकला. डोळा दोन-अडीच सेंटीमीटर लांब ढालीसारखा काढून खाचेत सरकवायचा, देठ खाली आणि डोळा त्याच्या वर राहील असा. उलटा बसला तर लागला तरी वाढ वेडीवाकडी होते. प्लॅस्टिकची पट्टी खालून वर गुंडाळत यायची, म्हणजे कौलांसारखी एकावर एक बसते आणि पाणी आत जात नाही. डोळा तेवढा उघडा ठेवायचा.

आठ-दहा दिवसांनी देठाला बोट लावून बघायचं. पिवळा पडून टपकन गळला तर डोळा लागला. काळा, वाळका होऊन चिकटून बसला तर गेला. ही खूण पत्रकात कुठेच नाही. पट्टी 20 ते 25 दिवसांनी सोडायची. लोक विसरतात, मग पट्टी सालीत रुतून जोडावर गळा आवळते. डोळा फुटल्यावर खुंट एकदम डोळ्याजवळ कापू नये. आधी 10-15 सेंटीमीटर वर, आणि फूट बळकट झाल्यावर जोडाजवळ तिरपा. खालून येणारे जंभेरीचे फुटवे दर आठवड्याला नखाने खुडायचे.

चाकू दर झाडाला निर्जंतुक द्रावणात बुडवायला हवा होता, तो नुसता रुमालाला पुसला जात होता. कोळशी-माव्यासारखी कीड दिसते तरी, पण काडीतून आणि चाकूवरून जाणारे विषाणूजन्य रोग झाड फळाला येईपर्यंत कळत नाहीत. डोळ्याच्या काड्या कुठल्या मातृवृक्षाच्या आहेत हे विचारल्यावर नीट उत्तर मिळालं नाही. सराव म्हणून ठीक आहे, वावरात लावायची कलमं मात्र तपासलेल्या मातृवृक्षाचीच घ्या.

त्याच दिवशी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण. 1 टक्क्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत विरघळवून तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतायचं. बुंध्याला लावायच्या मलमासाठी तेवढंच मोरचूद-चुना, पण पाणी 10 लिटर. लोखंडी विळा मिश्रणात बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. त्याच दिवशी संपवायचं. आदल्या दिवशीचं उरलेलं मिश्रण तळाशी बसतं, त्याचा चिकटपणा जातो.

पाचवा रविवार निसर्गफेरीचा, सकाळी 6:45 ला. पूर्ण पायाचे कपडे घाला, कुसळं मोज्यांत घुसतात. झाडांवरच्या पाट्यांत पळस आणि पांगारा यांची अदलाबदल झाली आहे. दोघांनाही तीन-तीन पानं, म्हणून चूक होते. पळसाचं पान जाड, चामड्यासारखं, ज्याच्या पत्रावळी होतात ते. पांगाऱ्याचं मऊ, आणि फांदीवर काटे. काटेसावरीलाही काटे असतात, पण पान हाताच्या पंज्यासारखं पाच-सात बोटांचं. साल बघून झाडं ओळखायला शिकवलं ते फार आवडलं: ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, धावड्याची गुळगुळीत, राखाडी-पांढरी. पानगळीत हीच ओळख कामी येते.

पाखरांत शेपूट थरथरवणारा थिरथिरा, तळ्याकाठचे धोबी, तारेवरचा नीलपंख आणि जोंधळ्यावर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी बारकी अळी दाखवून ती मोठी झाल्यावर हिरवी कशी होते तेही दाखवलं. पन्हेरीवाल्यासाठी ती कीड. पण लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर नीलवंताची अळीही वाढते, आणि नीलवंत 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. परसातलं एखादं झाड अळ्यांना सोडून द्यावं, असं माळीभाऊ म्हणाले. एवढं औदार्य पन्हेरीत परवडत नाही, घरी परवडतं.

एक गोष्ट खटकली. पोरांच्या हातांनी गाजरगवत उपटवलं. त्यानं अंगाला खाज सुटते, काहींना दमाही होतो. हातमोजे देऊन, फुलावर येण्याआधी उपटावं, आणि फुलावर आलेलं खताच्या ढिगात टाकू नये.

सोयी बेताच्या. पिण्याचं पाणी घरून न्या, बायकांसाठीचं स्वच्छतागृह एकच आणि त्याची किल्ली फाटकावर मागावी लागते. एसटीने येणाऱ्यांना फाट्यावरून अर्धा तास चालणं. नावनोंदणी फाटकावरच्या वहीत होते, फोनवर नाही. चाळीसच्या वर नावं घेऊ नयेत असं ठरलेलं आहे, तरी घेतात, आणि मग कलमांच्या दिवशी मागच्या ओळीला पाठीशिवाय काही दिसत नाही. त्या दिवशी सात वाजताच जाऊन पुढं बसा.

सहाव्या रविवारी कलम वाटतात. रांगेत पहिलं हाताला येईल ते घेऊ नका. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर आलेली, जोड वीतभरापेक्षा खाली असलेली किंवा जोडाखालून फुटवा फुटलेली सोडून द्या. जानेवारीत ते जमिनीत लावण्याची घाई नको. पिशवीतच, अर्ध्या सावलीत पावसाळ्यापर्यंत ठेवा. एप्रिल-मे महिन्यात 75 सेंटीमीटर लांब, रुंद, खोल खड्डा काढून उन्हात तापू द्या. पाऊस दोन-तीनदा चांगला पडला की लावा, जोड जमिनीच्या वर राहील असा. पाण्यासाठी दुहेरी आळं करा, म्हणजे आतलं बुंध्याजवळचं आळं कोरडं राहील आणि पाणी बाहेरच्या गोलात बसेल.